त्रेचाळिसावा दगड

काटोल रोडवर शेवटचं लेआउट संपतं,
चुन्याने आखलेले प्लॉट गवतात शिरतात,
तिथून पुढे आमचा चुना सुरू होतो.
खुंट्या, सुतळी, पाच बाय पाचचे चौकोन,
मधोमध काळ्या दगडांचं वर्तुळ.
मी मोजले : बेचाळीस.
माझं काम तेवढंच. मोजायचं,
आणि दिसेल ते पेन्सिलीने उतरवायचं.

मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
तळाच्या थरात लगाम सापडला,
घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी,
गंजाने फुगलेली, पण एका बाजूला झिजलेली.
ती झीज कागदावर आणायला दोन तास गेले.
कुणीतरी डावीकडे जास्त ओढत होतं.
एवढं मला ठाऊक आहे.
याहून जास्त मला कुणी विचारू नये.

रविवारी विचारायला आले.
महालातले देवपुजारी सर, डोक्यावर ओला पंचा,
पिशवीत पोथी, पोथीत खुणेला बसचं तिकीट.
‘घोडा मिळाला ना? मग संपलं.
हे पाहा, याच वाटेने सेना गेल्याचं लिहिलंय.’
आणि इंदोऱ्याचे रेवाराम गजभिये, रिटायर पोस्टमास्तर :
‘सर, नदीचं नाव काय? शहराचं नाव काय?
आमच्या ग्रंथात नाग आहेत. फणावाले नाही, माणसं.
पत्ता इतका स्वच्छ असताना
टपाल दुसऱ्याच्या घरी कसं टाकता?’

दोघे एकाच कडीवर वाकलेले,
हे इकडून ओढत, ते तिकडून.
घोडा जागचा हलला नाही.

शेरेकर मॅडम खड्ड्यातूनच म्हणाल्या :
‘थरात राख आहे, भांडं आहे, भांडं पालथं आहे.
कोणत्या भाषेत पालथं घातलं,
ते थर सांगत नाही.’
‘मग खणता कशाला?’ सरांनी विचारलं.
मॅडमनी बाटली उघडली,
बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

खरं सांगतो, मलाही नाव हवं होतं.
झीज काढताना मी त्या स्वाराला एक नाव दिलं होतं,
आजोबांच्या पोथीतलंच.
ते कागदावर कुठेही नाही.

झनकलाल उईके घमेलं टेकवून म्हणाला,
‘तिकडं भामरागडाकडं माणूस गेला का दगड उभा करतेत.
आजबी. म्या पायलं हाय.’
गजभिये उठलेच, ‘ऐका! म्हणजे हे तुमचे पूर्वज!’
‘मी कुठं असं म्हटलं जी?
आमची तं पोथीच नाई.
दगड कसा ठेवते, तेवढं मले मालूम हाय.’
आणि घमेलं उचलून चालता झाला.

वाद मात्र चालू राहिला,
झाडाच्या सावलीबरोबर सरकत,
तर्री-पोह्यांपर्यंत, मग निवडणुकीपर्यंत,
मग सरांना चक्कर आली,
आणि गजभियेंनी त्यांना आपल्या स्कूटरवर बसवून घरी सोडलं.
पोथी मांडीवर दोघांच्या मध्ये.

खड्डा बुजवला त्याच्या दुसऱ्या सकाळी
मी शेवटचं मोजायला गेलो.
त्रेचाळीस.
पुन्हा मोजले. त्रेचाळीस.
पूर्वेच्या फटीत एक ठेंगणा दगड,
बुरशी नाही, पोटाशी अजून ओली माती.
एप्रिलमध्ये झनकलालची आई गेली,
तेव्हा त्याने चार दिवसांची सुट्टी मागितली होती,
दोनच मिळाली होती.
मी त्याला काही विचारलं नाही.

नकाशा मांडीवर घेऊन बसलो.
काढला, तर पुरावा बिघडतो.
नाही काढला, तर मी खोटा.
ऊन चढलं. मुंग्या कागदावरून जाऊन आल्या.
शेवटी काढला,
तुटक रेघेने नाही, बाकीच्यांसारखाच, सलग.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : नंतरचा.
किती नंतरचा, ते लिहिलं नाही.